गोंगाट वजा केल्यावर

सोमवार, ४ मार्च

आजपासून दैनंदिनी लिहायची असं ठरवलं आहे. आमच्या यंत्राचं पुढे नाव झालं तर ते कसं घडलं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं बरं, आणि कंपनीत माझ्याइतकं स्वच्छ अक्षर कुणाचं नाही.

यंत्र कानात घालायचं आहे, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. अशी यंत्रं बाजारात ढिगाने मिळतात. ती सरसकट सगळंच मोठं करतात. माणूस बोलला तर तेही मोठं, भांडं पडलं तर तेही मोठं. म्हातारी माणसं आठवडाभरात वैतागतात आणि यंत्र ड्रॉवरमध्ये जातं. आमचं यंत्र निवडून ऐकतं. बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला हे त्याला कळतं. बोलणं मोठं करतं, गोंगाट वजा करतं. हे कळण्याचा भाग माझा. बाकीच्यांनी चिप, बॅटरी, कानाच्या आकाराचं कवच वगैरे केलं आहे. तेही लागतंच म्हणा.

साहेबांनी यंत्राचं नाव 'कर्णधार' ठेवलं. हरकतबाई म्हणाल्या, "कर्णधारातला कर्ण म्हणजे कान नव्हे. सुकाणू." साहेब म्हणाले, "लोगो निळ्यात घेऊ या की हिरव्यात?"

हरकतबाई म्हणजे आमच्या चाचणी विभागाच्या इंजिनिअर. विभागात त्या एकट्याच आहेत. प्रत्येक बैठकीत त्यांची एक तरी हरकत असते म्हणून हे नाव पडलं. बाई हुशार आहेत. फक्त आवाज बारीक, आणि दोष भलत्या वेळी दाखवतात, म्हणजे ते दुरुस्त करता येण्यासारखे असताना.

गुरुवार, ७ मार्च

यंत्राला शिकवायचं म्हणजे आवाजांचे नमुने द्यायचे आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावायची, हे बोलणं, हा गोंगाट. ते त्यातून आपलं आपण शिकतं.

बोलण्याचे नमुने मी बैठकीच्या खोलीत घेतले. साहेब, मी, सर्किटवाला आणि विक्रीवाला. साहेबांनी एकट्यानेच चार तासांचा नमुना दिला, तोही न मागता. गोंगाटासाठी कॅन्टीनमध्ये माइक ठेवला. दुपारी तिथे हिशेब विभागातल्या बायका जेवायला बसतात, शिवाय नळ, ताटल्या, वरचा पंखा. इतका दर्जेदार गोंगाट मला आजवर मिळाला नव्हता.

हरकतबाई ऐकायला बसल्या आणि म्हणाल्या, "यात बायका बोलतायत. एकीच्या मुलीला ताप आलाय, तेसुद्धा कळतंय. याला गोंगाट म्हणून चिठ्ठी लावलीत?"

मी समजावलं की त्या यंत्राशी बोलत नाहीयेत.

"मग साहेब यंत्राशी बोलत होते?"

मुद्दा तांत्रिक नव्हता, म्हणून मी सोडून दिला.

बुधवार, १३ मार्च

पहिली चाचणी, आणि घवघवीत यश. साहेब, सर्किटवाला, विक्रीवाला, मी आणि दारावरचा पहारेकरी अशा पाच जणांनी यंत्र घालून पाहिलं. पाचही जण खूश. साहेब तर ते कानात घालून भर दुपारी कॅन्टीनमधून चक्कर मारून आले. तिथे कुणी नसल्यासारखं वाटलं म्हणाले.

हरकतबाईंनी आणखी निरनिराळ्या आवाजांवर चाचणी मागितली. साहेब म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात बघू." दुसरा टप्पा असा काही नाही, पण 'नाही' म्हणण्यापेक्षा हे बरं दिसतं. अशा गोष्टी साहेबांकडून शिकण्यासारख्या आहेत.

मंगळवार, १९ मार्च

बाबांना यंत्र दिलं. बाबा घरांचे नकाशे काढायचे, आता निवृत्त आहेत. ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या मते कान ठीक आहेत, लोक हल्ली पुटपुटतात.

कानात बसवलं आणि मी म्हटलं, "बाबा, येतंय ऐकू?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुझा आवाज असा आहे होय? मला वाटायचं तुझ्यात दमच नाही."

मग त्यांनी टीव्ही लावला. बातम्या देणाऱ्याचा शब्दन्‌शब्द कळतोय म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. इतकी वर्षं आकडे जुळवत बसतो ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी हा क्षण सांगेन.

आई स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन आली. "तीनदा विचारलं, घेणार का म्हणून. दोघांपैकी एकजण हो म्हणेल तर शपथ."

मी तिला सांगितलं की नवीन यंत्र आहे, जम बसायला वेळ लागतो.

"यंत्राला की माणसाला?" ती म्हणाली. आईला तंत्रज्ञानाचं पहिल्यापासून वावडं आहे.

गुरुवार, २८ मार्च

बाबा आता झोपतानाच काय ते यंत्र काढतात. आज मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरात काय शांतता आहे रे. तुझी आई सुधारली. पूर्वी सारखं काहीतरी चालू असायचं. आता कशी गप्प असते."

अहवालात मी लिहिलं, 'वापरकर्त्याच्या घरातील ताणतणाव लक्षणीयरीत्या कमी.' साहेबांना वाक्य इतकं आवडलं की त्यांनी पत्रकावर छापायला दिलं. मी ते मोठ्या हौसेने माझ्या बायकोला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि "अच्छा" म्हणून परत दिलं.

मंगळवार, ९ एप्रिल

मोठ्या इस्पितळाने चोवीस तारखेला बोलावलं आहे. त्यांनी यंत्र पसंत केलं तर कारखाना सुरू. नाही केलं तर साहेबांकडे आम्हाला बसवायला खुर्च्या राहतील, काम राहणार नाही. सर्किटवाल्याचं लग्न याच भरवशावर ठरलंय.

बायको संध्याकाळी गुरुवारचं काहीतरी सांगत होती. मी पंख्याच्या आवाजाचा गुणांक बदलत होतो. "हो" म्हटलं. बहुधा तेच हवं होतं.

शुक्रवार, १२ एप्रिल

काल लिहायला जमलं नाही. आईचं मनगट मोडलं. आज शस्त्रक्रिया झाली, पट्टी घातली, आता झोपली आहे.

झालं ते असं. काल बायको तिच्या कामाच्या प्रशिक्षणासाठी सकाळीच बाहेरगावी गेली. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तिथे डोळ्यांत थेंब घालतात आणि मग दोन-चार तास समोरचं धुरकट दिसतं, म्हणून बरोबर कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी होतो. हे मला बायकोने तीनदा सांगितलं होतं, आणि मी तीनदा हो म्हटलं होतं. मी कार्यालयात होतो.

आई वाट बघून एकटीच गेली. परत येताना एका अनोळखी बाईने तिला जिन्यापर्यंत हात धरून आणून सोडलं. घरात आली, बाबांच्या पाठीमागून तोंड धुवायला न्हाणीघरात गेली, ओल्या फरशीचा अंदाज आला नाही आणि पडली. हात अंगाखाली. दाराबाहेर चार पावलांवर बाबा कानात यंत्र घालून बुद्धिबळाचे सामने बघत बसले होते.

तिने त्यांना हाका मारल्या. बाबा म्हणतात, "एकही हाक आली नाही. खोटं कशाला बोलू? टीव्हीवरचा तो माणूस मोहरा हलवताना नाकाने श्वास घेतो, तोसुद्धा मला ऐकू येत होता."

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी आई अजून आली नाही. डॉक्टरकडे गर्दी दिसतेय." मी हात धुवायला गेलो तेव्हा ती सापडली. भिंतीला टेकून बसली होती. मला बघून कुजबुजली, "चप्पल काढ, ओलं आहे."

तिचा आवाज कालपासून अजिबात फुटत नाहीये. घसा पार बसलाय. काल रात्री दाखल करतानाच मी डॉक्टरांना विचारलं, हे भुलीच्या औषधाने होतं का. ते म्हणाले, भूल तर अजून दिलेली नाही.

बायको मिळेल त्या गाडीने परत आली. इस्पितळाच्या व्हरांड्यात तिने मला विचारलं, "बाबांच्या कानात यंत्र होतं. तुझ्या कानात काय होतं?"

मी म्हटलं, "माझ्या कानात काहीच नव्हतं."

"तेच विचारतेय," ती म्हणाली.

प्रवासाने दमली असावी.

सोमवार, १५ एप्रिल

यंत्र सुरक्षित असल्याच्या कागदावर हरकतबाईंची सही लागते, म्हणून गेलो. घरची हकीकत सांगितली आणि म्हटलं की वेदनेमुळे आईचा आवाज क्षीण निघाला असणार. यंत्राचा त्यात दोष नाही.

त्यांनी विचारलं, "आई तुमच्या वडिलांना काय म्हणून हाक मारतात?"

"अहो."

चाचणीसाठी आमच्याकडे रबराचा एक कान आहे. त्याच्यात यंत्र बसवायचं, मग ते काय ऐकतंय आणि त्याचं काय करतंय ते पडद्यावर दिसतं. हरकतबाईंनी यंत्र त्यात बसवलं, टेबलापासून चार पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "अहो."

पडद्यावर आलं, गोंगाट. वजा केला.

त्या पुन्हा म्हणाल्या. मग चढ्या आवाजात. मग इतक्या मोठ्याने की सर्किटवाला दार उघडून बघून गेला. दर वेळी तेच. उलट जितक्यांदा हाक मारावी तितकी यंत्राची खात्री वाढत जात होती, कारण ठरावीक अंतराने येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटर, असं मीच त्याला शिकवलं होतं.

"आता तुम्ही म्हणा," त्या म्हणाल्या.

मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो."

पडद्यावर आलं, बोलणं, स्पष्ट.

हरकतबाईंनी ड्रॉवरमधून एक गोळी काढून मला दिली आणि पाणीही दिलं. मला वाटतं माझा चेहरा पाहून त्यांना काहीतरी वेगळंच वाटलं. मी ठीक होतो. फक्त आई किती वेळ 'अहो' म्हणत असेल याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला होता आणि तो मला थांबवता येईना.

मंगळवार, १६ एप्रिल

साहेबांच्या कानावर घातलं. हरकतबाईही सोबत आल्या होत्या.

साहेब म्हणाले, "म्हणजे बायकांचा आवाज अजिबातच येत नाही?"

"जवळून, सावकाश, जाड आवाजात बोलल्या तर येतो," मी म्हटलं.

"मग तसं माहितीपत्रकात लिहू."

विक्रीवाला म्हणाला, "याला दोष कशाला म्हणायचं? बटण देऊ. 'शांत घर' नाव द्यायचं. अर्धा बाजार त्या बटणासाठी घेईल." साहेब हसले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

हरकतबाई म्हणाल्या, "मी इस्पितळात येऊन हे सांगणार आहे."

"तुम्ही नका येऊ, गाडीत जागा नाही," साहेब म्हणाले.

मग मी म्हणालो की योग्य वेळ बघून मी सांगेन. दोघांनीही माझ्याकडे सारख्याच नजरेने पाहिलं. दोघांनाही मी सांगणार नाही याची खात्री होती.

बुधवार, २४ एप्रिल

सविस्तर लिहितो.

इस्पितळाच्या लांब टेबलापलीकडे दोघं बसले होते. एक उंच, पिकल्या केसांचे डॉक्टर आणि एक ठेंगण्या, शांत डॉक्टरीणबाई. साहेबांनी उंच डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि बाईंना पाणी मिळेल का विचारलं. पाणी उंच डॉक्टरांनी आणलं. कानाच्या विभागाच्या प्रमुख बाई होत्या.

प्रात्यक्षिकासाठी साहेबांनी स्वतःच दोन्ही कानांत यंत्र घातलं. ही त्यांची आयत्या वेळची कल्पना. मी म्हटलं, "साहेब, नको." ते म्हणाले, "नेत्याने पुढे असायला हवं." मग यंत्राचा महिमा सांगायला सुरुवात केली.

बाईंनी मध्येच विचारलं, "चाचणी किती जणांवर केलीत?"

साहेब प्रसन्नपणे बोलत राहिले.

"त्यात बायका किती होत्या?"

साहेब उंच डॉक्टरांना म्हणाले, "शंका असतील तर मोकळेपणाने विचारा हं."

उंच डॉक्टर म्हणाले, "मॅडम विचारतायत."

"कोण?" साहेब म्हणाले.

बाई उठल्या. टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली. साहेब समोरच्या भिंतीकडे बघत हसतमुख बसले होते. एवढा समाधानी माणूस मी कधी पाहिला नाही. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा होता. एक कळ दाबली असती तर यंत्र बंद झालं असतं, साहेबांनी वळून पाहिलं असतं आणि सगळं सावरलं असतं. माझं बोट कळेवर होतं. ती का दाबली गेली नाही, मला सांगता येत नाही. योग्य वेळ बघत होतो बहुतेक.

बाईंनी मला विचारलं, "यांना माझा आवाज येत नाही का?"

"येतो," मी म्हटलं. "पण वजा होतो."

आणि मग माझ्याच्याने थांबवेना. कॅन्टीनमधला माइक, चिठ्ठ्या, रबराचा कान, न्हाणीघराची ओली फरशी, आईचा बसलेला घसा, सगळं सांगून टाकलं. गुरुवारचं माझं 'हो'सुद्धा सांगितलं, जे त्यांनी विचारलेलंही नव्हतं. साहेबांचा चेहरा पांढरा पडत गेला. माझा शब्दन्‌शब्द त्यांना ऐकू येत होता. त्या बाबतीत यंत्र निर्दोष आहे.

बाई म्हणाल्या, "दुरुस्त करून आणा. आणि पुढच्या वेळी यांना आणू नका. रबराच्या कानावर ज्यांनी चाचणी केली त्यांना पाठवा."

परतताना गाडीत आम्ही चौघंच होतो, साहेब, सर्किटवाला, विक्रीवाला आणि मी. माझ्या बाजूची पाचवी सीट रिकामीच होती.

सोमवार, ६ मे

मला काढून टाकलेलं नाही, कारण इस्पितळाने काम हरकतबाईंकडे द्या म्हणून कळवलं, आणि हरकतबाईंनी मला मागून घेतलं. दया म्हणून नव्हे. म्हणाल्या, "शिकवलंय तुम्ही, विसरायलाही तुम्हीच लावा."

नवे नमुने हवेत म्हणून हिशेब विभागात गेलो. त्यांच्यातली सगळ्यांत ज्येष्ठ बाई म्हणाली, "आमचं बोलणं कशाला? नळ सोडून ठेवा, एकच आहे ना." बाकीच्या हसल्या. मी उभाच राहिलो. शेवटी तयार झाल्या, पण एका अटीवर. चिठ्ठ्या त्या लावणार, सगळ्याच नमुन्यांना. जुन्यांनाही.

त्यांनी साहेबांच्या चार तासांपैकी तीन तास गोंगाटात टाकले. हरकतबाईंनी ते तपासलं आणि काही हरकत घेतली नाही. मलाच ते पुन्हा बोलण्यात हलवावे लागले. त्या बोलण्यात अर्थ काय होता ते मात्र मला कुठे लिहिता आलं नाही.

शुक्रवार, १४ जून

आईची पट्टी काढली. बोटांचे व्यायाम करायला रोज सकाळी इस्पितळात जाते. तिथे हात मोडलेल्या आणखी तिघी आहेत. व्यायाम अर्ध्या तासाचा असतो आणि ती जेवायच्या वेळेला परत येते. मी विचारलं, एवढा वेळ काय करता. म्हणाली, "बोलतो."

मला नेता येईल असं मी सुचवलं. बायको म्हणाली, "त्यांची सोय झाली आहे."

रविवार, १८ ऑगस्ट

इस्पितळाने यंत्र पसंत केलं. हरकतबाई स्वतः सादर करायला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या पलीकडून, खोलीच्या बाहेरून, नळ सोडून, सगळ्या तऱ्हेने हाका मारून पाहिल्या म्हणे. कारखाना पुढच्या महिन्यात सुरू होतोय. सर्किटवाल्याचं लग्नही झालं. साहेबांनी वर्तमानपत्राला मुलाखत दिली, त्यात ते म्हणतात की स्त्रियांचा आवाज हाच पहिल्यापासून आमचा ध्यास होता.

बाबांसाठी नवं यंत्र मी आज घरी आणलं. दुपारी कानात बसवून दिलं. एप्रिलपासून त्यांनी जुन्याला हात लावला नव्हता. ड्रॉवर उघडून बघायचे आणि बंद करायचे.

आई बाहेरून आली. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, आणि खिडकीपाशी बसून हातातला रबरी चेंडू दाबू लागली. बाबांनी टीव्ही बंद केला. मला आश्चर्य वाटलं. सामना रंगात आला होता.

थोडा वेळ ते तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "नवीन यंत्र घातलंय."

"हो का," आई म्हणाली.

"आलं ऐकू," ते म्हणाले. "हो का म्हणालीस."

आई चेंडू दाबत राहिली.

"बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. पूर्वी बोलायचीस ते."

आईने क्षणभर विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता, मी नीट पाहिलं. "ते बोलून झालं," ती म्हणाली आणि उठून आत गेली. आत बायको होती. दोघींचं काहीतरी सुरू झालं, मध्येच हसूही आलं, पण दार लोटलेलं असल्यामुळे शब्द कळत नव्हते.

बाबा बराच वेळ दाराकडे कान करून बसले. मग त्यांनी दोन्ही यंत्रं काढून माझ्या हातात दिली. "यात काहीतरी बिघाड आहे बघ."

मी ती टेबलावर उघडून तपासली. चिप, बॅटरी, माइक, सगळं व्यवस्थित. जुळवणी चोख होती. बाबांना तसं मोठ्याने सांगितलं.

"अजून एकदा बघ," ते म्हणाले.